तुमचा सर्वात लांब रस्त्याचा प्रवास कोणता? आणि तो तुम्ही कशाने मोजता?

मैलदगड
गेल्या ऑक्टोबरात बाबांना घेऊन श्रीनगर ते कन्याकुमारी गाडीने केलं. एनएच ४४, या टोकापासून त्या टोकापर्यंत. देशातला हा सर्वात लांब राष्ट्रीय महामार्ग, कागदोपत्री ३,७०० किमीहून जास्त. शहरांत शिरणं, मुक्काम, चुकलेली वळणं धरून आमचा काटा ४,२८६ वर थांबला. अकरा दिवस लागले.

बाबांनी एकतीस वर्षं मालाचा ट्रक चालवला. या रस्त्याचा बराचसा भाग त्यांच्या चाकाखालून गेलेला, पण तुकड्यातुकड्याने. पूर्वी त्याचे नंबरही वेगवेगळे होते, दक्षिणेकडचा मोठा भाग वाराणसी-कन्याकुमारी या जुन्या सात नंबरचा. २०१० मध्ये नंबर बदलले आणि सगळे तुकडे मिळून ४४ झाला. बाबा अजून सातच म्हणतात. माल जिथे उतरवायचा तिथे उतरवला की गाडी फिरवायची, त्यामुळे कुठल्याच रस्त्याचं शेवटचं टोक त्यांनी पाहिलं नव्हतं. या वेळी पूर्ण वेळ मी चालवलं आणि ते डावीकडे बसले. चेनानी-नाशरीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर म्हणाले, "हाच डोंगर आम्ही पत्नीटॉपच्या घाटाने चढायचो, अर्धा दिवस जायचा." शिवनीच्या पुढे पेंचच्या जंगलात महामार्ग खांबांवर उचललाय आणि खालून जनावरांना वाट ठेवलीय. तिथे त्यांनी गाडी हळू करायला लावली. थोड्या वेळाने म्हणाले, "इतकी वर्षं या रस्त्याने गेलो, बाजूला काय आहे ते आज बघतोय."

तर तुमचा सर्वात लांब प्रवास कोणता? गाडी, बस, ट्रक, मोटारसायकल, काहीही चालेल. रेल्वे आणि विमान नको. किलोमीटर सांगा, तास सांगा किंवा दिवस, पण त्यातलं काय लक्षात राहिलं ते नक्की सांगा.

शेवटचा_बाक
काकांचं ते वाक्य वाचून थांबलोच. माझं मोजमाप तास. लहानपणी मामाच्या लग्नाला जाताना बसने ३६ तास, तेही शेवटच्या बाकावर. मागच्या चाकांच्याही मागे तो बाक, त्यामुळे प्रत्येक खड्डा आधी ऐकू यायचा आणि मग लागायचा. मी आणि मामेभाऊ खड्डा ऐकला की एकदम उडी मारायचो, म्हणजे आपटणं चुकतं असा आमचा शोध होता. चुकायचं नाही कधी, पण ३६ तास कसे गेले कळलं नाही.

सरळरेषा
ऑस्ट्रेलियात पर्थ ते अॅडलेड, साधारण २,७०० किमी, नवरा-बायको आणि दोन मुलं, पाच दिवस.

या वाटेवर एअर हायवे लागतो आणि त्यात बॅलाडोनिया ते कैगुना १४६.६ किमीचा एक तुकडा आहे, ज्यात एकही वळण नाही. ताशी ११० ने चालवलं तरी एक तास वीस मिनिटं स्टीअरिंग सरळ. तो सुरू होतो तिथे पाटी आहे, सगळे उतरून फोटो काढतात. आम्हीही काढला. गंमत पहिली वीस मिनिटं टिकली. मग असं वाटायला लागलं की गाडी उभी आहे आणि रस्ताच खालून सरकतोय. समोरून येणारा ट्रक दिसल्यापासून शेजारून जाईपर्यंत इतका वेळ लागतो की मुलांनी त्यावर मोजणीचा खेळ काढला.

त्याच्याही पुढे एक चमत्कारिक गोष्ट. कैगुनापासून पूर्वेला राज्याच्या सीमेपर्यंतच्या पट्ट्यात घड्याळ पाऊण तास पुढे करतात. अर्धा नाही, एक नाही, पाऊण. मुलीने विचारलं, "मग माझी पंचेचाळीस मिनिटं गेली कुठे?" आजही कुणाला उशीर झाला की आमच्याकडे म्हणतात, कैगुनात राहिली असतील.

आणखी एक. काही ठिकाणी रस्त्यावरच धावपट्टीचे पांढरे पट्टे रंगवलेत. फ्लाइंग डॉक्टरांचं विमान गरज पडली तर हायवेवरच उतरतं. ते पट्टे पाहिले तेव्हा आपण माणसांपासून किती लांब आलोय ते पोटात जाणवलं. आकड्यांनी तोवर जाणवलं नव्हतं.

खिडकीजवळची
मला सगळ्यात लांब वाटलेला प्रवास जेमतेम ३०० किमीचा आहे, कारण मला गाडी लागते. लहानपणी भाऊ पुस्तक वाचत बसायचा आणि मी खिडकीला गाल लावून. आईने यावर एक उपाय काढला होता, मैलाचे दगड ओळखायचे. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग, केशरी गावचा रस्ता. जो आधी ओरडेल त्याचा गुण. नवल म्हणजे खेळ चालू असेपर्यंत मला बरं असायचं आणि गुण मोजायला वहीत डोकं घातलं की पुन्हा मळमळ. असं का होतं, कुणी सांगेल का?

साधीनाडी
@खिडकीजवळची, तुमच्या आईने औषधच शोधलं होतं. आतल्या कानातला तोलाचा अवयव सांगतो की आपण हलतोय. डोळे वहीवर असतील तर ते सांगतात की सगळं स्थिर आहे. मेंदूला दोन उलट बातम्या मिळतात आणि त्यातून मळमळ होते. दूरचा दगड शोधताना डोळेही हलण्याचीच बातमी देतात, भांडण मिटतं. चालकाला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याच्या शरीराला आधीच माहीत असतं. तेव्हा पुढे बसा, लांब बघा. आणि शक्य असेल तर गाडी तुम्हीच चालवा!

खिडकीजवळची
आता मीच चालवते. भाऊ मागे बसतो आणि त्यालाच लागते.

डिझेलवाला
माझा विक्रम ऐका. एकट्याने, एका दमात, १,४०० किमी, २२ तास. फक्त डिझेल भरायला थांबलो. संध्याकाळी सातला निघालो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पोचलो. पहाटे चार ते सहा डोळे जड झाले होते, खिडकी उघडी ठेवली, गाणी मोठ्याने लावली, निभावलं. या धाग्यावर एका बैठकीतला यापेक्षा मोठा पल्ला कुणाचा आहे?

रातराणी
@डिझेलवाला, राग मानू नका, पण याला विक्रम म्हणायला माझं मन घेत नाही. माझे वडीलही लांब पल्ल्याच्या गाडीवर होते. आम्ही ते घरी येईपर्यंत जागे असायचो आणि का जागे असायचो ते घरात कुणी बोलत नसे. त्यांच्याबरोबर चालवणारे दोघे पहाटेच्या वेळी गेले. दोघांच्याही गाड्या सरळ रस्त्यावर होत्या, वळणावर नव्हेत.

साधीनाडी
रातराणीशी पूर्ण सहमत, आणि हे सांगणं माझं कामच आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसांना जागं ठेवलं आणि हात-डोळ्याचा मेळ तपासला. सलग १७ तास जागरण झालं की कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. कितीतरी देशांत तेवढ्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे. तुम्ही २२ तास नुसतं चालवत होतात, त्याआधी दिवसभर जागे असाल ते वेगळंच.

ताशी १०० च्या वेगाने तीन सेकंदांची डुलकी लागली तर गाडी ८३ मीटर चालकाविना जाते. आपण डुलकी घेतली हे माणसाला बहुतेक वेळा कळतही नाही. उघडी खिडकी आणि मोठी गाणी यांनी जागं राहिल्यासारखं फक्त वाटतं. उपयोग होतो तो झोपेचाच. गाडी सुरक्षित जागी उभी करून वीस मिनिटं डोळे मिटले तरी फरक पडतो.

युरोपात मालवाहू गाडीच्या चालकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबणं सक्तीचं आहे. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास घालून दिले होते. पाळला किती गेला ते रातराणींच्या घरी विचारा.

गिअर_पाचवा
थोडी वेगळी बाजू. रात्री रस्ता मोकळा असतो, ऊन नसतं, इंजिन थंड राहतं. दोघे चालक असतील आणि आळीपाळीने खरोखर झोपत असतील तर रात्रीचा प्रवास मला दिवसापेक्षा बरा वाटतो. अडचण रात्रीची नाही, एकट्याने चालवण्याची आहे.

रातराणी
खरोखर झोपत असतील तर. शेजारी बसलेला माणूस गप्पा मारत जागाच राहतो आणि त्याची पाळी आली की तोही तितकाच दमलेला असतो. मागच्या सीटवर आडवं होऊन झोपणार असाल तर तुमचं म्हणणं मान्य.

मैलदगड
हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी त्यांची एक परीक्षा सांगितली, जशीच्या तशी देतो. "मागं गेलेल्या गावाचं नाव आठवत नसेल तर गाडी बाजूला घ्यायची. त्यापुढं गाडी तू चालवत नाहीस." आमच्या अकरा दिवसांत त्यांनी मला दोनदा नाव विचारलं. एकदा अनंतपूरच्या अलीकडे मला सांगता आलं नाही. काही न बोलता त्यांनी झाडाखालची सावली दाखवली आणि मी पाऊण तास झोपलो.

डिझेलवाला
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काकांची परीक्षा स्वतःला लावून पाहिली. त्या पहाटे चार ते सहामधलं एकही गाव मला आठवत नाही. आजवर मला वाटायचं, रस्ता इतका मोकळा होता की वेळ भुर्रकन गेला. आत्ता लिहिताना हात जरा गार पडलेत. विक्रम मागे घेतो. बायकोलाही हा धागा वाचायला दिला.

जुनीपानं
अवांतर, पण विषयाला धरून. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास सुमारे १०५ किमीचा होता. ऑगस्ट १८८८, जर्मनीत मानहाइम ते फोर्झहाइम, चालक बर्था बेंझ, सोबत दोन मुलगे. नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझने, मोटार बनवली होती, पण ती कुणी विकत घेत नव्हतं. बाईंनी त्याला न सांगताच गाडी बाहेर काढली. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोईन, म्हणजे पेट्रोलसारखं द्रावण, घेतलं. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलं ढकलत होती आणि त्यातूनच चढासाठी आणखी एक गिअर हवा हे बेंझला कळलं. पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली.

किलोमीटरच्या हिशोबात आज तो दोन तासांचा रस्ता. पण पंप नाही, पाटी नाही, दुरुस्ती करणारा नाही, आणि त्या वाटेने मोटारीतून याआधी कुणी गेलेलं नाही! मला तर आजवरचा सर्वात लांब प्रवास तोच वाटतो.

सरळरेषा
मग आकड्याचं काय करायचं? गुंथर होल्टॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने १९८८ ते २०१४ एकाच मर्सिडीज जीपमधून जवळजवळ ९ लाख किमी केले. पृथ्वीला वीसहून जास्त फेऱ्या झाल्या! बहुतेक वाटेवर बायको सोबत होती, ती २०१० मध्ये गेली, आणि त्यानंतरही त्याने प्रवास पुरा केला. ती जीप आता स्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे.

जुनीपानं
त्याला नमस्कारच. आकडाच हवा असेल तर सायकलवरचा देतो. १९२३ मध्ये मुंबईहून काही तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले, त्यातले तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा. सुमारे ७१,००० किमी. इराक-सीरियाचं वाळवंट ओलांडताना सायकली वाळूत रुतत असणार, तरी पुढे गेले. शाळेच्या पुस्तकात ही नावं असायला हवी होती असं मला फार वाटतं.

पायवाट
कुणी पॅन-अमेरिकन हायवे केलाय का? अलास्कातल्या प्रुडो बेपासून अर्जेंटिनाच्या उशुआयापर्यंत सुमारे ३०,००० किमी. मधे पनामा आणि कोलंबियाच्या सीमेवर साधारण १०० किमी रस्ताच नाही, नुसतं जंगल आणि दलदल, डॅरियन गॅप. तिथे गाडी जहाजात घालून पुढे न्यावी लागते. माझ्या मनात हे दहा वर्षं आहे. नकाशा भिंतीवर लावलाय.

उत्तरवारा
@पायवाट, पूर्ण नाही, पण त्याचं वरचं टोक केलंय, डाल्टन हायवे. ६६६ किमी. तेलाच्या पाइपलाइनसाठी १९७४ मध्ये बांधला, बराचसा खडीचा. कोल्डफूट सोडलं की पुढे जवळजवळ ३८५ किमी पंप नाही, गॅरेज नाही, काहीच नाही. दोन जादा चाकं घेतली होती, एक वापरलं. समोरून अवजड ट्रक आला की आम्ही कडेला उभे राहायचो, कारण खडी काचेवर येते.

लक्षात काय राहिलं? जूनमध्ये गेलो होतो, सूर्य मावळतच नव्हता. रात्री अडीच वाजता मुलगा म्हणाला, "बाबा, आजचा दिवस अजून संपला नाही का?" तोच प्रश्न मला पडला होता. उजेड आहे म्हणून आम्ही चालवतच राहिलो होतो. काकांची गावाच्या नावाची परीक्षा तिथे कुणी देऊच शकला नसता, कारण गावंच नाहीत. आम्ही नद्यांचे पूल मोजायला हवे होते.

हिमवाट
मनाली ते लेह, मोटारसायकलवर. अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला, आम्ही त्याआधीचे, रोहतांगवरून गेलेलो. किलोमीटर ४७५ च्या आसपास. आकडा बघून दोन दिवसांत करू म्हणालो आणि तिथेच चुकलो.

पहिल्याच रात्री सरचूला तंबूत मुक्काम. मनाली २,००० मीटर, सरचू सुमारे ४,३००. एका दिवसात शरीराला एवढं वर नेलं. रात्री मित्राचं डोकं असं धरलं की त्याला बूटही घालता येईनात, आणि बोलणं अडखळायला लागलं. पुढे गाटाची एकवीस वळणं, मग तांगलांगला ही खिंड, ५,३०० मीटरच्या वर. समोर रस्ता होता, परवाने होते, सुट्टी होती. आम्ही वळलो. मागे केलाँगपर्यंत उतरलो आणि उतरता उतरता त्याचा चेहरा परत आला. लेह त्या वर्षी पाहिलंच नाही. परत येतानाचे ते शंभरएक किलोमीटर माझ्या आयुष्यातले सर्वात लांब आहेत, कारण प्रत्येक वळणावर मी त्याला काहीतरी विचारत होतो आणि तो उत्तर देतोय का ते ऐकत होतो.

साधीनाडी
@हिमवाट, तुम्ही मित्राचा जीव वाचवलात. अडखळतं बोलणं आणि तोल जाणं म्हणजे मेंदूवर सूज येत असल्याची खूण असू शकते, अशा वेळी खाली उतरणं हाच पहिला इलाज. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. दिवसा वरची खिंड ओलांडली तरी चालते, झोपायला खाली या.

निळीछत्री
माझा ४२ किमी. हसू नका कुणी. ताईचे दिवस भरले होते, पावसाळा, पुलावर पाणी, लांबचा वळसा. जीप मी चालवत होते, परवाना मिळून चार महिने झालेले. मागे ताई आणि आई. ताशी वीसच्या वर जाता येत नव्हतं. आई दर कळ आली की मोठ्याने अंतर सांगायची, "आता एकतीस... आता अठ्ठावीस..." नंतर कळलं की ती आकडे मनानेच सांगत होती, दगड पाण्याखाली होते. दोन तास दहा मिनिटं लागली. भाची दवाखान्याच्या दारात झाली, दार ओलांडायच्या आधी. आता ती अकरावीत आहे आणि गाडी शिकवायला माझ्याच मागे लागलीय.

शेवटचा_बाक
निळीछत्री, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. आणि तुमच्या आईला माझा साष्टांग नमस्कार सांगा.

गिअर_पाचवा
+१. मूळ प्रश्नाला मात्र अजून उत्तर नाही. किलोमीटर, तास की दिवस? मैलदगड, काकांच्या मते त्यांचा सर्वात लांब प्रवास हा ४४ नंबरचाच का?

मैलदगड
मीही हो धरून चाललो होतो. काल विचारलं. त्यांनी कपाटातून जुन्या खिशातल्या डायऱ्या काढल्या. रोज रात्री काट्याचा आकडा लिहायची त्यांची सवय, एकतीस वर्षांत चुकली नाही. ५२०, ४८०, ६१०, पानंच्या पानं अशी. त्यांनी २००१ ची डायरी उघडून माझ्यासमोर ठेवली. २६ जानेवारीच्या कच्छच्या भूकंपानंतर घोंगड्या आणि ताडपत्र्या घेऊन गेले होते, हे मला माहीत होतं. तिथे काय पाहिलं ते कधी बोलले नव्हते. सूरजबारीच्या पुलाचं नुकसान झालेलं, गाड्यांची रांग लागलेली, समोरून माणसं चालत येत होती. त्या दिवसापुढे आकडा आहे ३८. पहाटे पाचला चाक हललं आणि रात्री आठला थांबलं. बोट त्या आकड्यावर ठेवून म्हणाले, "हा."

रातराणी
काकांना त्या दिवशीच्या गावांची नावं आठवतात का?

मैलदगड
विचारलं. सूरजबारी, सामखियाळी, भचाऊ. तिन्ही सांगितली, आणि डायरी मिटून बाहेर जाऊन बसले.